बोटवाल्या काकू

काकूंनी मला पहिला उपदेश केला तो उमरखेडहून पुसदला जाणाऱ्या मोटारीबद्दल. छप्पन साल होतं. आमचा वऱ्हाड नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता आणि मी नुकताच उमरखेडच्या शाळेला. काकूंचे यजमान डॉक्टर; त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली होती. पिशवी घेऊन पायरी उतरत होतो, तोच मागून भराभर पावलं वाजली.

"मास्तर, मागच्या बाकावर बसू नका. मध्यावर बसा, तिथं कमी डोलतं. खिडकीतून लांब बघा, मांडीवर पुस्तक नको. उपाशी नाही ना निघाले? पोटात कोरडी भाकर असू द्या. आणि हे खिशात ठेवा."

लिंबाच्या लोणच्याची पुडी हातात आली. माझ्या एकुलत्या एक चांगल्या सदऱ्याच्या खिशात तेल उतरायला वेळ लागला नाही.

"काकू, मी पुसदला चाललोय. संध्याकाळी परत."

"बोट असो की मोटार, पोट तेच असतं," काकू म्हणाल्या आणि वळून चालत्या झाल्या. उभं राहून उत्तर ऐकायची त्यांची रीतच नव्हती.

मला राग आला होता. पण वाटेत शेवटच्या बाकावरचे तिघेजण खिडकीबाहेर माना काढून बसले आणि मी मध्यावर शाबूत राहिलो, तेव्हा राग थोडा उतरला.

डॉक्टर लढाईच्या आधी वरच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले होते आणि काकूंना सोबत घेऊन गेले होते. मोठी प्रवासी बोट, पहिला वर्ग. जिन्यांवर गालिचे, जेवणाच्या दिवाणखान्यात वाजंत्री, पोहायला वर गच्चीवर हौद. उमरखेडच्या चौकात उभं राहून हे ऐकणाऱ्याला पैनगंगेचा पूर हेच सगळ्यात मोठं पाणी माहीत. त्यामुळे गावानं त्यांचं नाव बोटवाल्या काकू ठेवलं आणि ते चिकटलं. नाडी दाखवायला लोक डॉक्टरांकडे येत आणि समुद्र ओलांडायचा असला की काकूंकडे. आता आमच्या भागातून समुद्र ओलांडणारे असे कितीसे असणार? वर्षा-दोन वर्षांत एखादा. मधल्या काळात काकू आगगाडीवाल्यांना शिकवत, मोटारवाल्यांना शिकवत, आणि कोणीच सापडलं नाही तर बाजाराला बैलगाडीनं निघालेल्या माणसाला सामान कसं बांधावं ते सांगत. "जड खाली, लागणारं वर, आणि मौल्यवान अंगावर," हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही पिशवी भरताना तोंडातून निघतं.

ठेंगणी, काटक बाई. नऊवारी नेसायच्या आणि पायात डॉक्टरांचे जुने कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा पाहणारा हसायचा. दुसऱ्यांदा हसायची सवड त्याला मिळायची नाही, कारण काकू तोवर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेल्या असायच्या. जेवण झालं की कडुलिंबापासून विहिरीपर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू. याला त्या 'डेक फिरणं' म्हणत. काही बोलायचं असेल तर तुम्हीही फिरा. भाजीवाली डोक्यावरची टोपली न उतरवता त्यांच्यामागे चालत भाव करायची आणि शेवटी दमून काकूंच्या भावानं देऊन टाकायची. कीर्तनाला गेल्या तर आख्यान रंगात यायच्या आधी उठायच्या. हळदीकुंकू दारातच लावून घेऊन परत. माणूस इतका वेळ एका जागी का नाही बसू शकत, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते फार कमी बोलत. चष्मा पुसत म्हणाले, "पूर्वी बसत असे." एवढंच.

त्या घरात दार लागत नसे. कुठलंच. पौषाच्या थंडीत मी माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं की पाच मिनिटांत ते बाहेरून ढकललं जाई. "लावून घेऊ नका मास्तर, जीव घाबरतो." जीव त्यांचा घाबरायचा आणि पडसं मला व्हायचं. एकदा त्या उघड्या दारातून शेजारची शेळी आली आणि सहामाहीचे भूगोलाचे पेपर खाऊन गेली. एका अर्थी तिनं माझं कामच हलकं केलं, पण हेडमास्तरांना ते कसं सांगायचं? मी चिडून काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पेपर पुन्हा घेता येतात," आणि चालू लागल्या. दार उघडंच राहिलं.

गावातल्या बायकांना दार खुपत नव्हतं, जेवण खुपत होतं. त्या काळात घरची बाई पुरुषांची पंगत उठल्यावर जेवायची. काकू डॉक्टरांना आत पान वाढत आणि त्याच वेळी स्वतःचं ताट घेऊन ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसत. येणारा-जाणारा बघायचा. "नवऱ्याच्या आधी जेवते, आणि तेही चव्हाट्यावर!" असं कुजबुजत बायका जायच्या. काकू त्यांनाच हाक मारून विचारायच्या, "काय वं, जेवली का?"

आमच्या गावचे कापसाच्या जिनचे मालक शेटजी पत्नीला घेऊन युरोप बघायला निघाले, तेव्हा काकूंचा शिकवणीचा थाट मी पहिल्यांदा नीट पाहिला. सामान दाखवायला बोलावलं होतं. ट्रंकेत तुपाचा डबा, पापड, चार बरण्या आणि तळाशी, धोतरात गुंडाळलेला, स्टोव्ह.

"हे काय?"

"काकू, बाई तिथलं नाही खाणार. खोलीत जरा खिचडी टाकून घेऊ," शेटजी म्हणाले.

"बोट जाळता का? समुद्रात आग लागली तर पळून कुठं जाल, हदगावला?" काकूंनी स्टोव्ह उचलला आणि तो आमच्या स्वयंपाकघरात ठेवून आल्या. मग फेऱ्या मारता मारता सुरू झाल्या. खोली मागायची ती मधली, खालच्या मजल्यावरची. पहिल्या दिवशी मळमळलं तरी निजायचं नाही, वर वाऱ्यावर जायचं आणि आभाळ पाण्याला टेकतं तिथं बघायचं. गच्चीवरच्या खुर्च्यांवर नावं असतात, रिकामी दिसली म्हणून बसायचं नाही. आंघोळीचा टब खाऱ्या पाण्यानं भरतात, त्यात साबणाला फेस येत नाही, शेजारी गोड्या पाण्याचं घंगाळ असतं ते डोक्यासाठी. बक्षिशी रोज द्यायची नाही, उतरायच्या आदल्या दिवशी एकदाच. भोंगा वाजून सगळे बुचाचे तरंगायचे पट्टे बांधून धावायला लागले तर रडायचं नाही, ती तालीम असते. शेटजी त्यांच्या पाठीमागून घामाघूम होऊन चालत होते आणि मान डोलवत होते.

शेवटी शेठाणीबाईंना बाजूला घेऊन काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आणि आपलं ताट आपल्यासमोर. दुसऱ्या कोणाच्या ताटाला हात लावायचा नाही. नवऱ्याच्याही."

हे मला विचित्र वाटलं. नवऱ्याच्या ताटाला हात कोण लावतं?

परत आल्यावर शेटजी पेढे घेऊन आले. "काकू, आपली तो इज्जत वाचली. तालमीचा भोंगा वाजला, आमची बाई रडायच्या बेतात होती. मी म्हटलं, काकूनं सांगितलं आहे, चूप राहा. पण पाणी आता गोडंच येते हं टबात."

"तुम्ही चाखून नसेल पाहिलं," काकू म्हणाल्या. हार मानणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं.

साठ सालानंतरची गोष्ट. फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यावरून रामजी नायक सुनेला घेऊन आले. नायक म्हणजे तांड्याचा कारभारी. सगळा तांडा आता कापूस आणि ज्वारी पिकवत होता, पण नायकांच्या आज्यापर्यंत त्यांचं घराणं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख तुडवत होतं. त्यांचा मुलगा हरी उमरखेडला शिकायला होता तेव्हा शाळा सुटली की डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसून राहायचा. बसून बसून स्वतः डॉक्टर झाला, शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला, तिथल्या इस्पितळात लागला. लग्न लहानपणीच झालेलं. आता त्यानं बायकोला बोलावलं होतं. बोटीचं तिकीटही काढलं होतं.

कमळा विशीची असेल. घेरदार घागरा, त्याला फेटिया म्हणतात, आरसे लावलेली कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, त्या बलिया. ओसरीवर टेकता टेकता तिनं सगळं घर बघून घेतलं आणि काकूंच्या बुटांवर नजर ठेवून खुदकन हसली. काकूंना ती तिथंच आवडली असावी.

नायक सांगत होते, "आमच्या आज्यानं समुद्राकाठून मीठ आनलं बैलावर. समुद्र पाह्यला, पन त्यात पाय नाही टाकला. आता ही पोरगी समदी त्याच्यावरूनच चालली. तुमी जरा शिकवून द्या काकू. तसं लय नाही लागत. हरीनं कळवलं, का जेवन खोलीतच मागवजो, कोनाच्या म्होरं जाजो नोको, साडी नेसजो. बस, खोलीत बसली का झालं."

काकू थांबल्या. चालताना त्या अशा मध्येच थांबलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी आत, दवाखान्याच्या दिशेनं पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "ऐकलं का? तुमचाच चेला."



दुसऱ्या दिवसापासून कमळा आमच्याकडेच राहायला आली आणि घराची बोट झाली. ओसरीतल्या बंगईवर काकू तिला बसवायच्या, हातात ताटली द्यायच्या आणि झोका द्यायच्या. "खा. डोलता डोलता खायची सवय कर." वरणाचं पाणी चमच्यानं प्यायचं, चमचा आपल्याकडे नाही, पलीकडे लोटत भरायचा. डॉक्टरांच्या ट्रंकेतून आणलेल्या काटे-सुऱ्या. काट्यानं भाकर तोडताना तुकडा उडून थेट माझ्या वह्यांवर यायचा. कमळा हसून हसून बंगईवर आडवी व्हायची. साडीचा प्रयोग एकाच दिवसात संपला. काकूंची पाचवारी नेसून तिनं अंगणात एक फेरी मारली, पाय बांधलेल्या वासरासारखी. त्यात वारा सुटला आणि पदर थेट डोक्यावर. काकूंनी वाकून तिच्या फेटियाची काठाची कवड्या लावलेली जड पट्टी हातात तोलून पाहिली.

"हे नाही उडत," त्या म्हणाल्या. "गच्चीवर वारा काय असतो ते हरीला माहीत नाही का? हेच नेस. वरून लोकरीचा कोट. बलियाही राहू दे."

पण कमळाच्या मनात एक प्रश्न अडकला होता. एका दुपारी तिनं तो बंगई पायानं थांबवून विचारलाच. मी तिथंच वह्या तपासत होतो.

"काकू, खोलीतच जेवाचं आहे तं हे काटे-चमचे मले कायले शिकवून राह्यल्या?"

काकू फिरत होत्या. फिरता फिरताच बोलल्या.

"कारण मी खोलीत जेवले म्हणून. ऐक. पहिल्या दिवशी मोठ्या टेबलावर आम्हांला बसवलं. गोरे साहेब, मडमा. माझं ताट आलं, पण मी जेवत नव्हते. नवऱ्याच्या आधी कसं जेवायचं? हे जेवत होते, मी बघत होते. वाढपी माझं भरलेलं ताट उचलून घेऊन गेला. ह्यांचं झालं. ह्यांनी काटा-सुरी ठेवली. तसं मी ह्यांचं ताट माझ्यापुढे ओढलं. लग्न झाल्यापासून रोज त्याच ताटात जेवत होते ना, सासूबाईंची शिस्तच होती. एक बटाटा उरला होता आणि थोडा भात. तो मी हातानं खाल्ला."

"मंग?"

"मग टेबल चूप झालं. एक मडम हसली. वाईट हसली नाही, पण हसली. हे उठून गेले. खोलीत आल्यावर म्हणाले, उद्यापासून तुझं जेवण इथंच येईल."

"तुमी काय म्हटलं?"

"बरं म्हटलं. अन् बसले. दार लावून. जातानाही आणि येतानाही. खोली झाडणारा गोव्याचा एक माणूस होता, त्याला विचारून विचारून सगळं शिकले. कोणता चमचा कधी, पाणी कुठलं, खुर्ची कोणाची. सगळं पाठ झालं. पण त्या टेबलावर पुन्हा बसायला मिळालं नाही. पहाटे गच्ची धूत असताना, कोणी नसताना, दोन फेऱ्या मारून यायची, बस्स."

बंगई थांबलेलीच होती. इतकी वर्षं मी ज्या बाईच्या चालण्याला हसत आलो, उघड्या दारावरून भांडत आलो, तिच्याकडे मला बघवेना. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला. आणि तो माणूस मला आवडत होता, याचाही राग आला.

"मंग म्या तिथं जाऊ तरी काहून?" कमळा म्हणाली. "कोंडून घ्यायले?"

"जायचं," काकू म्हणाल्या. "जायचं, आणि टेबलावर बसायचं. एकदा खोलीत बसलीस की तिकडे घरातही खोलीतच बसशील. हरी वाईट नाही. हेही वाईट नव्हते. पण एकदा बरं म्हटलं की संपलं."

निघायच्या आधीच्या रविवारी काकूंनी तालीम ठेवली. दोन पिंपांवर फळ्या टाकून अंगणात टेबल केलं, वर पांढरी चादर. माणसं चार, काटे तीन. नायकांनी काटा नाकारला, "आपल्या हाताले पाच आहेत," म्हणून. कप्तान म्हणून डॉक्टरांना बोलावलं होतं. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते कोट घालून आले आणि टेबलाच्या टोकाला बसले.

वाढणं झालं. कोणी जेवेना. काकू टेबलाभोवती फिरत होत्या.

"सुरू करा ना. कप्तानानं सुरू केल्याशिवाय बाकीचे कसे जेवतील?"

"तू बस आधी," डॉक्टर म्हणाले.

"मला वाढायचं आहे."

"बस. त्या दिवशी मी उठायला नको होतं."

नायक माझ्याकडे बघायला लागले, मी भाताकडे. काकूंनी अजून एक फेरी घातली. संपूर्ण, विहिरीला वळसा घालून. मग येऊन माझ्या शेजारच्या रिकाम्या जागी बसल्या, स्वतःचं ताट पुढे ओढलं, दोन घास खाल्ले आणि उठल्या.

"भात गार झाला," त्या म्हणाल्या. "फार गार झाला."

डॉक्टर त्यांच्या जागी शेवटपर्यंत बसून राहिले. कमळानं मात्र काटा, सुरी, चमचा तिन्ही चालवून दाखवले आणि शेवटी बोटं चाटली.

मुंबईपर्यंत पोचवायला नायक, काकू आणि मी गेलो. माझी तशी गरज नव्हती, पण काकूंनी "मास्तर, तुम्हांला इंग्रजी येतं" असं म्हणून मला सुट्टी काढायला लावली. नांदेडपर्यंत मोटार, पुढे आगगाडी, मनमाडला गाडी बदलून. मोटारीत आम्ही सगळे मध्यावर बसलो हे सांगायला नको. कमळा वाटभर बडबडत होती. गाडी मुंबईजवळ यायला लागली तशी तिची बडबड आटत गेली.

धक्क्यावर बोट पाहिली आणि मीच हादरलो. ती बोट नव्हतीच, पांढरी भिंत होती, खिडक्यांच्या रांगांवर रांगा. नायकांनी डोक्याचं पागोटं सावरत वर पाहिलं आणि म्हणाले, "हे तरंगते?" कोटातले साहेब, रेशमी साड्यांमधल्या बायका, हार घातलेले विद्यार्थी. सगळे कमळाच्या फेटियाकडे वळून वळून बघत होते. एक हमाल तर चक्क थांबला. कमळानं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. ऊन मी म्हणत होतं.

पोचवायला आलेल्या एकाला वर जायचा पास मिळाला होता. काकू तिच्याबरोबर गेल्या. मला वाटलं, आता पुरी शिकवणी प्रत्यक्ष होईल, खुर्च्या, टब, टेबल, सगळं. पण त्या फारच लवकर खाली आल्या.

"काय झालं?"

"खोलीत जाऊन बसली," काकू म्हणाल्या. "जेवणाचा दिवाणखाना दाखवायला मी नेत होते. दारापर्यंत आली. आत मडमा बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं. झालं. फिरली मागे. म्हणते, काकू, मी खोलीतच जेवन, मले नोको ते समदं. पलंगावर बसली अन् मला म्हणाली, जाताना दार लावून घ्या."

"मग?"

"लावून घेतलं," काकू म्हणाल्या. "काय करू? मीच लावून आले मास्तर."

नायक म्हणाले, "जाऊ द्या काकू. खोलीत तं खोलीत. पोचली का झालं." त्यांना दिलासा द्यायचा होता. काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

घंटा वाजली, पोचवायला आलेले उतरले. शिडी ओढली गेली. कठड्याशी सगळे प्रवासी गोळा झाले, रुमाल हलायला लागले, रंगीत कागदांच्या फिती वरून खाली सुटल्या. आम्ही कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत होतो. टोप्या, साड्या, फेटे. आरशांचा एक कवडसा तरी दिसेल म्हणून मी डोळे ताणून बघत होतो. कमळा नव्हती. काकू गर्दीतून वाट काढत धक्क्यावर पुढे-मागे चालत होत्या, लोकांच्या पायांवर पाय देत, कोणाची माफी न मागता. "नाही. नाही आली. नाही आली बाहेर," एवढंच तोंडात.

भोंगा असा वाजला की छातीत बसला. धक्का आणि बोट यांच्यात पाण्याची एक काळी पट्टी दिसायला लागली. ती बघता बघता रुंद झाली.

आणि तेव्हा वरून तो आवाज आला. आधी मला वाटलं कोणी पडलं. लांब ओढलेला, रडणारा, पण सुरात. सगळ्या गच्चीवरचे रुमाल थांबले. लोक बाजूला झाले आणि मधल्या कठड्याशी ती दिसली. कोट काढून टाकलेला, दोन्ही हात वर केलेले, बलियांसकट. गळ्याच्या शिरा ताणून ती गात होती. जवळ एक मडम तोंडावर हात ठेवून उभी होती.

"ढावलो म्हनते हे," नायक पुटपुटले. त्यांचे डोळे वाहत होते. "पोरगी सासरी निंगाली का असं रडत गाते. समद्याईच्या देखत गाते. लग्नात गायली होती, आता तं नवऱ्याच्या घरी खरी चालली." आणि मग, जणू मला न समजल्याचा त्यांना त्रास होत होता, "याडी म्हनून राह्यली पाहा. याडी म्हनजे माय. काकूले म्हनते."

मला वाटलं काकू आता रडतील. मी त्यांच्याजवळ सरकलो. त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं. धक्क्याच्या काठाला लावलेल्या साखळीला त्यांनी पोट टेकलं, इतकं की एक शिपाई धावत आला. घरात जपून वापरलेली शहरी भाषा कुठच्या कुठे गेली. साऱ्या मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात, हात तोंडाशी लावून, त्या ओरडल्या,

"टेबलावर जाजो वं! सगळ्याईच्या सोबत बसून जेवजो! आपल्या ताटात जेवजो वं पोरी, पोटभर!"